वनिताताईंच्या घरातले साप आणि बाहेरचा एक

बार्शीहून पनवेलला आम्ही निघालो ते लेकीचं स्थळ बघायला. चार दिवस राहायचं, माणसं बघायची, घर बघायचं आणि हो की नाही ते परत आल्यावर ठरवायचं, असा बेत होता. मुक्काम पंधरवड्यावर गेला. आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, तिकडे नक्की झालं काय? प्रत्येकाला पहिल्यापासून सांगून घसा बसलाय, म्हणून एकदाचं लिहून काढते.

आमचं बार्शीत भांड्यांचं दुकान आहे. माझ्या यजमानांना घरात आणि दुकानात सगळे अण्णा म्हणतात, मीही म्हणते. एकुलती एक लेक केतकी, उरणजवळ द्रोणागिरीला एका गोदामाच्या ऑफिसात नोकरीला. राहते नवीन पनवेलात, मैत्रिणींबरोबर. त्याच ऑफिसातला हर्षल तिनं पसंत केला. आगरी घरचा मुलगा. जात वेगळी, बोलणं वेगळं, आणि आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी तर ते खाडीकाठचे, मासळी खाणारे. अण्णांनी "बघू, बघू" करत वर्ष काढलं. शेवटी केतकीनंच सुचवलं की श्रावणात या, श्रावणात त्यांच्याकडे मासळी शिजत नाही. इतका सगळा विचार करणाऱ्या आमच्या मुलीनं एक गोष्ट मात्र सांगितली नव्हती.

गावठाणातलं घर

केतकी आणि हर्षल गाडी घेऊन स्टँडवर आले होते. नवीन पनवेलच्या सेक्टरांतल्या इमारती मागे पडल्या आणि उरणच्या दिशेला लागलो, तर सगळंच बदललं. एका बाजूला खाडी आणि चिखलात उभी झुडपं, दुसऱ्या बाजूला एकावर एक रचलेले कंटेनर. न्हावा शेव्याच्या बंदराला जाणाऱ्या ट्रेलरची रांग संपतच नव्हती. आमच्याकडे मोकळं रान म्हणजे ज्वारी नाहीतर तूर. इथे मोकळी दिसणारी जमीन म्हणजे मातीचा भराव, त्यावर विटांचे तुकडे, वाढलेलं गवत आणि कडेला पाटी. मध्येच एका वळणावर गाव लागलं. गल्ली एवढी अरुंद की गाडीचे आरसे मिटावे लागले, आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन मजली, चकचकीत फरश्यांची घरं.

हर्षलची आई, वनिताताई, दारातच उभ्या होत्या. पन्नाशीच्या, उंच, गळ्यात ठसठशीत सोनं. नवरा मिठागरावर कामाला होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. जमीन सरकारी प्रकल्पात गेली, तिच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर त्यांनी गोदाम बांधून भाड्यानं दिलं. त्या ओळख करून देतानाच म्हणाल्या, "या ताई, या दादा. आमची बोली जरा रांगडी हाय, राग मानू नका."

राग कसला मानायचा, जेवण इतकं चांगलं होतं. तांदळाची पांढरीशुभ्र, मऊ भाकरी आम्ही पहिल्यांदा खाल्ली. वालाचं बिरडं, अळूचं फदफदं, ताक. जन्मभर ज्वारीवर वाढलेल्या अण्णांनी मागून मागून भाकऱ्या घेतल्या. मला वाटलं, जमतंय सगळं.

जेवण झाल्यावर आम्ही नेलेल्या बर्फीचा डबा मी आत ठेवायला गेले. स्वयंपाकघरातला फ्रिज भरलेला होता. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत दुसरा दिसला, तो उघडला. वरच्या कप्प्यात पारदर्शक पिशव्या होत्या आणि पिशव्यांत गुलाबी, करंगळीएवढं काहीतरी गोठलेलं होतं. मी दार लावलं. जे दिसलं ते खरं वाटेना, म्हणून परत उघडलं. उंदरांची पिल्लं होती.

पाठीमागे वनिताताई आल्या होत्या. अगदी शांतपणे म्हणाल्या, "ताई, त्यो फ्रिज खान्याचा नाय. म्हंजे, आपल्या खान्याचा नाय."

मग कोणाच्या, हे मी विचारायच्या आत त्यांनी शेजारच्या खोलीचं दार उघडलं. आत एसी चालू होता. भिंतीला लागून मांडण्या, मांडण्यांवर झाकणाच्या पेट्या, आणि प्रत्येक पेटीत साप.

माझ्या मागून आलेले अण्णा उंबऱ्यावरच बसले. भगवे, पिवळे, बदामी ठिपक्यांचे, एक तर पांढराफटक, गुलाबी डोळ्यांचा. सापाला असले रंग असतात हेच मला माहीत नव्हतं. आदल्या आठवड्यात नागपंचमीला मी घरी भिंतीवर चंदनानं नाग काढून दूध-लाह्या दाखवल्या होत्या, त्या दिवशी नेमाप्रमाणे काही चिरलंही नव्हतं. आणि ही बाई तो पांढरा हातावर घेऊन ओल्या फडक्यानं पुसत होती, एखाद्या पोराचं नाक पुसावं तसं.

केतकी खाली बघत उभी होती. मी तिला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, आधी सांगितलं असतं तर तुम्ही आलाच नसता. ते खरंच होतं.

आम्हाला तळमजल्याची मागची खोली दिली होती. तिथे अण्णांशी माझं चांगलंच वाजलं. मी म्हणत होते, उद्याच्या गाडीनं परत जायचं. त्यांचं म्हणणं, जेवलोय त्यांच्या घरी, असं उठून जाता येत नाही. दाराखालच्या फटीत मी टॉवेल कोंबला. मी पलंगावर झोपले. अण्णांची पाठ धरते, त्यामुळे त्यांनी घरच्यासारखी खाली जमिनीवर गादी घातली.

पेट्यांची खोली

दुसऱ्या दिवशी वनिताताईंनी आपणहून सगळं सांगितलं. हर्षलचा एक मित्र परदेशी गेला, जाताना "आठ दिवस सांभाळा" म्हणून एक साप ठेवून गेला, तो परत काही आला नाही. पहिले काही दिवस वनिताताई त्या खोलीत पाऊलही टाकत नव्हत्या. मग सवय झाली, मग माया लागली, मग एकाचे दोन झाले. हे सगळे परदेशी, बिनविषारी, सरकारदरबारी नोंद केलेले. आपल्याकडचा कुठलाही साप, मग ती साधी धामण का असेना, घरात ठेवणं गुन्हा आहे आणि तो त्या ठेवतही नाहीत.

त्या दिवसांत तिथे एक विशेष चाललं होतं. भगव्या ठिपक्यांच्या मादीशी त्यांनी दुसऱ्याच जातीचा, काळा आणि रुंद पांढऱ्या पट्ट्यांचा नर जुळवला होता. तो काळा नर दुसऱ्या सापांना खातो, म्हणून त्या काठी घेऊन दोघांजवळ बसून राहिल्या होत्या. मादीनं अंडी घातली, आणि आम्ही गेलो तेव्हा ती फुटत होती.

मी आधी दारातून पाहिलं. मग चार पावलं आत गेले. ओलसर मातीत लांबट पांढरी अंडी होती, त्यांना ब्लेडनं कापावं तशी चीर पडलेली, आणि चिरेतून इवलंसं नाक बाहेर. पिल्लू असं नाक काढून दिवसभरही बसतं म्हणे, घाई करत नाही. बाहेर आलेल्या पिल्लांत एकासारखं दुसरं नव्हतं. एक आईसारखं भगवं, एकाला अंगभर उभी रेघ, एक मधलंच काहीतरी मातकट. दोन मात्र बापावर गेलेली, काळ्यावर पांढरे पट्टे.

ती दोन बघून माझ्या तोंडून "मण्यार" असं निघून गेलं. आमच्याकडे मारलेली मण्यार मी पाहिली आहे. वनिताताईंनी पिल्लू तळहातावर घेऊन मला फरक दाखवला. मण्यारीचे पट्टे बारीक, दोन-दोनच्या जोडीनं, शेपटीकडे ठसठशीत आणि मानेकडे पुसट होत गेलेले. पाठीच्या मधोमध मोठे, षटकोनी खवले. कवड्या हा बिनविषारी साप दिसतो तिच्यासारखा, पण त्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट. आणि ह्या पिल्लाचे पट्टे रुंद, मानेपासून शेपटीपर्यंत सारखे. लोक काळं-पांढरं बघतात आणि एकतर काठी उचलतात, नाहीतर धीट होऊन हात घालतात, असं त्या म्हणाल्या. दोन्ही वाईटच.

साप पाळणाऱ्या काही लोकांनी ह्या संकरावरून त्यांना फोनवर बरंच बोलून घेतलं होतं. आता ही पिल्लं कुठल्या जातीची म्हणायची, असं त्या लोकांचं म्हणणं. ते सांगताना त्यांनी अण्णांकडे पाहिलं नाही, आणि अण्णा भिंतीकडे बघत राहिले.

दुपारी ठाण्याहून एक माणूस आला. त्याला पट्ट्यांची दोन्ही पिल्लं हवी होती. पैसेही भरपूर द्यायला तयार होता. फक्त ही मिश्र जातीची आहेत हे कोणाला सांगायचं नाही, कुठल्याशा दुर्मीळ जातीची म्हणून तो पुढे विकणार. वनिताताईंनी त्याला चहा दिला आणि म्हणाल्या, "जे नाय, ते हाय म्हनून मी सांगनार नाय. न्यायचं तर मिश्र म्हनूनच न्या." तो चहा पिऊन निघून गेला.

अण्णा त्या दिवशी पहिल्यांदा खुलले. आमच्या धंद्यातही हलकं स्टील भारी म्हणून विकणारे बरेच आहेत. संध्याकाळी केतकीनं आम्हाला द्रोणागिरीची गोदामं दाखवायला नेलं. येताना अजून शिल्लक असलेल्या एका मिठागराशी थांबलो, तेव्हा ते मला म्हणाले, बाई सरळ आहे. मी म्हटलं, बाई सरळ आहे, पण घरात साप आहेत.

परत आलो तर वनिताताई बॅटरी घेऊन मांडण्यांखाली वाकलेल्या. पट्ट्यांच्या दोनातलं एक पिल्लू पेटीत नव्हतं. झाकणाच्या फटीतून निसटलं असावं. सगळं घर शोधलं, सापडलं नाही. चावलं तरी टाचणी टोचल्याएवढंच, घाबरू नका, असं त्यांनी चारचारदा सांगितलं. मी फटीत आणखी एक टॉवेल कोंबला. खोलीची मागची मोरी भरावाच्या बाजूला उघडी होती, तिच्याकडे माझं लक्षच गेलं नाही.

तिसरी सकाळ

उजाडताना अण्णांनी हाक मारली. पोटात कळ येतेय म्हणाले. मी म्हटलं, वाल बाधले असतील. ओवा दिला. तो त्यांना नीट गिळता येईना, घसा चिकटल्यासारखा झालाय म्हणाले. आवाजही घोगरा. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि गादी आवरायला वाकले.

गादी आणि भिंत यांच्यामध्ये चादरीची घडी पडली होती. त्या घडीत काळ्यावर पांढरे पट्टे दिसले.

मी घाबरले नाही, याचं मला स्वतःलाच नवल वाटलं. एका दिवसात केवढी धीट झाले होते. उलट बरं वाटलं, की सापडलं बिचारं. वनिताताईंना हाक मारली, तुमचं पिल्लू इथे आहे म्हणून. आणि त्या येईपर्यंत निसटू नये म्हणून चादरीचं टोक धरायला हात पुढे केला.

त्यांनी दारातूनच पाहिलं आणि धावत येऊन माझं मनगट धरून असं ओढलं की दोन बांगड्या फुटल्या.

"ती आपली नाय," त्या म्हणाल्या.

मला काही कळेना. त्यांनी मोरीतला टब उचलून चादरीसकट त्या जागेवर पालथा घातला, वर पाट्याचा दगड ठेवला. मग अण्णांकडे वळल्या. पोटात दुखतंय हे मी सांगितल्याबरोबर त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. अण्णांसमोर खाली बसल्या.

"दादा, माझ्याकडं बघा. डोले उघडा."

"उघडेच आहेत की," अण्णा म्हणाले.

त्यांच्या पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या. मी इतका वेळ समोर होते आणि मला ते झोपेतले डोळे वाटले होते.

हात, पाय, मान, सगळं बघितलं. कुठे खूण नाही, सूज नाही, रक्ताचा थेंब नाही. चावल्याचं अण्णांना कळलंही नव्हतं. मण्यार झोपलेल्या माणसाला चावते ती अशीच, हे मला नंतर कळलं. वनिताताईंनी टब काठीनं जरासा उचलून मोबाईलवर फोटो काढला, शेजाऱ्यांना सांगून सर्पमित्राला बोलावणं धाडलं आणि हर्षलला गाडी काढायला लावली. गाडीतूनच त्यांनी हॉस्पिटलला फोन केला की मण्यार चावलेला माणूस आणतोय, श्वासाचं यंत्र तयार ठेवा.

रस्त्यावर ट्रेलर होते. हर्षल हॉर्नवरचा हात काढत नव्हता. मागच्या सीटवर अण्णांना कुशीवर निजवलं होतं, त्यांच्या तोंडातून लाळ गळत होती आणि वनिताताई ती आपल्या पदरानं पुसत होत्या. मी बोलत सुटले होते. तुमच्या घरात साप, तुमच्या सापांमुळे हे झालं, आम्ही इथे यायलाच नको होतं. त्या लाळ पुसत राहिल्या.

हॉस्पिटल

डॉक्टर तरुण होते. खूण नसताना मण्यार कशावरून, असं त्यांनी विचारलं. वनिताताईंनी फोटो पुढे केला आणि पोटदुखी, पापण्या, घसा, सगळं क्रमानं सांगितलं. डॉक्टरांनी लगेच सलाईनमधून विषावरचं औषध सुरू केलं. थोड्या वेळानं अण्णांची छाती हलायची थांबली. नळी घालून यंत्र लावलं. नंतर डॉक्टर मला म्हणाले की असे रुग्ण पोटदुखी म्हणून येतात, पित्ताचं इंजेक्शन घेऊन घरी जातात, आणि मग उशीर होतो. तुम्ही वेळेत आलात.

गावातल्या बायका रोज डबे घेऊन यायच्या. आमच्याकडे आधी फोन करून विचारतात, काही हवं का. इथे कोणी विचारत नव्हतं. चार-पाच जणी यायच्या, शेजारी बसायच्या, मोठमोठ्यानं बोलायच्या, मला भरवायच्या आणि जायच्या. त्यांच्याच बोलण्यातून कळलं की गावात हवा पसरली होती, वनिताच्या पाळलेल्या सापानं पाहुणा मारला. लोक दाराशी येऊन सगळे साप काढा म्हणत होते.

एका संध्याकाळी वनिताताई माझ्याजवळ येऊन बसल्या. सर्पमित्राचा निरोप आला होता. ती मण्यार त्यानं वनखात्याच्या हवाली केली, पण तिच्या पोटात काहीतरी गिळल्याचा फुगवटा होता. भरावात उंदीर खूप आहेत, उंदीर असेल. पण मण्यार सापही खाते. त्यांचं पिल्लू अजून मिळालं नव्हतं.

"माझ्या पिल्लाच्या मागं ती तुमच्या खोलीत आली आसंल," त्या म्हणाल्या. "नक्की नाय सांगता येत. पन आसंल. तुमाला म्हाईत पायजे."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मला यातलं काहीही माहीत नव्हतं आणि कधी कळलंही नसतं. डॉक्टरांनी मला सांगितलंच होतं की ह्या बाईंमुळे तुमचे यजमान वाचतील. मी त्यांचे उपकार मानायच्या बेतात होते, आणि त्या आपणहून दोष पदरात घेत होत्या. फ्रिज उघडल्यापासून मला धक्क्यामागून धक्के बसत होते, पण ह्याच्याइतका कुठलाच नव्हता. त्या पुढे म्हणाल्या, तुम्ही सांगाल तर उद्याच सगळे साप देऊन टाकते, पोरांचं लग्न तेवढं मोडू नका. मी फक्त त्यांचा हात धरला. तो गार पडला होता.

अण्णांचं आधी एक बोट हललं. मग पापण्या. मग एका सकाळी नळी काढली. आवाज फुटायला आणखी वेळ लागला, आणि फुटला तेव्हा त्यांनी सांगितलं ते ऐकून मी खाटेचा दांडा धरला. त्यांना सगळं ऐकू येत होतं. डोळे उघडत नव्हते, बोट हलत नव्हतं, श्वाससुद्धा यंत्र घेत होतं, पण आत ते पूर्ण जागे होते. डॉक्टर आपसांत काय बोलले, नर्स कोणावर चिडली, सगळं. मी उशाशी बसून रडले, वनिताताईंना दोष दिला, बार्शीच्या दुकानाचं काय करायचं म्हणाले, तेही. आत पडून ते ओरडत होते, मी आहे, मी आहे, आणि बाहेर काही येत नव्हतं.

मी विचारलं, कसे दिवस काढलेत हो?

भेटीच्या वेळेत वनिताताईसुद्धा रोज पाच मिनिटं आत जायच्या. मला वाटायचं देवाचं काही म्हणत असतील. त्या त्यांना पिल्लांची खबर द्यायच्या. आज भगव्यानं कात टाकली. आज रेघवाल्यानं खाल्लं. मातकट अजून खात नाय, तोंड फिरवतो. दुसरं कोणीच त्यांच्याशी असं बोलत नव्हतं, सगळे त्यांच्याविषयी बोलत होते. अण्णा म्हणाले, दिवस गेला हे त्यांना तेवढ्यावरून कळायचं.

दुपारी वनिताताई आल्या. केतकी आणि हर्षलही होते. त्या उभ्याच राहिल्या. मान खाली घालून म्हणाल्या की पुण्याच्या एका माणसाशी बोलणं झालंय, तो रविवारी येऊन सगळ्या पेट्या घेऊन जाईल.

अण्णांनी हातानं त्यांना जवळ बोलावलं. आवाज अजून फाटलेलाच होता.

"त्या मातकटानं खाल्लं का?"

ज्यांनी जन्मात अंड्याला हात लावला नाही ते अण्णा विचारत होते. वनिताताईंनी मान हलवली, आणि मग त्या तिथेच खाटेच्या कडेला बसल्या.

"नाय वो दादा," त्या म्हणाल्या. "अजून नाय."

"मग रविवारी कुठे पाठवता त्याला उपाशी?" अण्णा म्हणाले.